मूड, पतंजली आणि मी

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

सेकंड इयरला मला बायपोलर डिसऑर्डर असल्याचं निदान झालं. कधी आठवडाभर तीन-तीन तास झोपूनही अंगात नुसता उत्साह, पाच प्रोजेक्ट एकदम सुरू. मग महिनाभर सबमिशन सोडाच, मेसपर्यंत जाणंही जमायचं नाही. डॉक्टरांनी लिथियम सुरू केलं. आजीने हातात पातंजल योगसूत्रांचं पुस्तक दिलं.

मला वाटलं, आसनांचं असेल. पण जवळजवळ दोनशे सूत्रांपैकी आसनांवर जेमतेम तीन! बाकी बहुतेक मनाबद्दल. पहिल्या पादात चित्ताला विचलित करणारे नऊ अडथळे सांगितलेत. त्यात पहिलाच व्याधी, म्हणजे आजारपण. आणि नववा वाचून तर मी चाटच पडले. अनवस्थितत्व, म्हणजे मिळवलेली स्थिती न टिकणं. हे तर माझंच वर्णन! पुढच्याच सूत्रात या अडथळ्यांचे सोबती येतात: दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास. मूड आणि श्वास एकाच ओळीत बसवलेत.

म्हणून रोज सकाळी दहा मिनिटं नुसता श्वास बघते. विचार आला की पतंजलींच्या भाषेत 'वृत्ती उठली' म्हणायचं. 'मी उदास आहे' आणि 'उदास वृत्ती उठली आहे' यात खूप फरक पडतो. श्वास उथळ, घाईचा झालाय हे मला आता लवकर कळतं. मग डायरीत झोपेचे तास तपासते, कारण झोप कमी होणं ही माझी धोक्याची घंटा.

आता माझी चूक. गेल्या दिवाळीत ध्यान छान जमतंय म्हणून मी गोळ्या परस्पर बंद केल्या. काही आठवड्यांत पुन्हा जागरणं, पुन्हा पाच प्रोजेक्ट, आणि शेवटी बाबा गाडी घेऊन हॉस्टेलवर. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगते: ध्यान हा माझा सेन्सर आहे, कंट्रोलर नव्हे. इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचं १० दिवसांचं शिबिर करायचा विचार होता, पण गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांना तेही सहसा हा कोर्स सुचवत नाहीत. भस्त्रिकासारखे जोरकस प्राणायामही मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करत नाही. लिथियमसाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी असतेच.

कुणाला बोलायचं असेल तर २०२२ पासून सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत. नाहीतर मला गाठा, रात्री दहाच्या आत. त्यानंतर माझी रूममेट लाइट बंद करते आणि सकाळी पहिला प्रश्न विचारते, "किती तास झोपलीस गं?"