गोट्यांवर फुललेली बाग

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यात, डंजनेस नावाचे भूशिर आहे. माती जवळजवळ नाही. लाटांनी हजारो वर्षे आणून टाकलेले गोटे, पाने करपवणारा खारा वारा आणि जवळच आता बंद झालेले अणुवीज केंद्र. चित्रपट दिग्दर्शक डेरेक जार्मन यांनी इथले ‘प्रॉस्पेक्ट कॉटेज’ हे मच्छीमाराचे लाकडी घर घेतले. भिंती काळ्या, खिडक्यांच्या चौकटी पिवळ्याधमक. १९८६ च्या अखेरीस त्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले.

बागेची सुरुवात मात्र सहजच झाली. त्यांनी एक रानगुलाब लावला. त्याला आधार हवा म्हणून किनाऱ्यावर वाहून आलेले लाकूड रोवले आणि त्यावर भोके पडलेल्या गोट्यांची माळ अडकवली. पुढे हीच रीत झाली. गोटे उपसून खड्डा करायचा, त्यात शेणखत भरायचे, रोप लावायचे आणि गोटे पुन्हा पसरायचे. वरच्या गोट्यांमुळे खालचा ओलावा टिकतो. उघडे माळरान वाटणाऱ्या या भूशिरावर सुमारे ६०० जातींच्या वनस्पती सापडतात, त्याचे एक कारण हेच.

या बागेचा खरा मानकरी सी केल. कोबीच्या कुळातले हे झाड हिवाळ्यात पार दिसेनासे होते. वसंतात त्याची जांभळट पाने वर येतात, मग पांढऱ्या फुलांना मधाचा वास सुटतो. ते तिथे आधीपासूनच होते. जार्मननी ते उपटले नाही, यातच त्यांची रसिकता दिसते. सोबत लॅव्हेंडर, पॉपी, कॅलेंडुला. घरासमोर उभ्या गारगोट्यांची नेटकी वर्तुळे, मागच्या बाजूला सगळा मोकळा कारभार: गंजलेल्या साखळ्या, दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर रोवलेल्या तारेच्या कुंपणाचे पिळदार लोखंडी खांब.

बागेला कुंपण नाही. ती कुठे संपते आणि किनारा कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. शहरातल्या अंगणात विकतची खडी पसरून या बागेची नक्कल करणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. डंजनेसचे गोटे डंजनेसलाच शोभतात.

जार्मन १९९४ साली वारले. हॉवर्ड सूली यांच्या छायाचित्रांसह बागेवरचे त्यांचे पुस्तक पुढच्या वर्षी आले. २०२० साली घर विक्रीला निघण्याची वेळ आली, तेव्हा लोकवर्गणी आणि देणग्यांतून ३५ लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. आता ‘क्रिएटिव्ह फोकस्टोन’ ही संस्था घर आणि बाग सांभाळते.