एका हाताची सूज : अभ्यंगापूर्वी विचार हवा

पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होते, हे आपणां सर्वांस परिचित आहे. हाच विकार हातातही होतो, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. खोल शिरांतील एकूण गुठळ्यांपैकी सुमारे ४ ते १० टक्के हाताच्या असतात.

भिंती रंगविणारा एक तरुण उजव्या हाताची सूज व जडपणा घेऊन आमच्याकडे आला. श्रमाने स्नायू दुखावले असावेत, असे समजून आम्ही तेल व शेक सांगण्याच्या बेतात होतो. तपासणीसाठी सदरा काढावयास सांगितला, तेव्हा खांद्यावर व छातीवर फुगलेल्या निळसर शिरा दिसल्या. डॉप्लर सोनोग्राफीत अक्षकास्थीखालील शिरेत गुठळी आढळली.

जेम्स पॅजेट यांनी १८७५ मध्ये व फॉन श्रोटर यांनी १८८४ मध्ये या विकाराचे वर्णन केले. हात वारंवार डोक्यावर नेल्याने अक्षकास्थी व पहिली बरगडी यांच्यामध्ये शीर दाबली जाते, तिच्या अंतःस्तरास इजा होते व तेथे रक्त साकळते. मात्र शिरेत बसविलेली नळी, पेसमेकरची तार व कर्करोग ही कारणे व्यवहारात अधिक आढळतात. म्हणून पूर्ववृत्त विचारताना ती विसरू नयेत.

चरकसंहितेत शोथाचे सर्वांगगत, अर्धांगगत व अवयवाश्रित असे भेद सांगितले आहेत. एकाच हाताचा शोथ दिसताच स्थानिक कारण शोधणे हे त्यास धरूनच आहे. गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकल्यास प्राणावर बेतते. यास्तव निदान होईपर्यंत अभ्यंग, मर्दन व स्वेदन वर्ज्य समजावे आणि रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

तेथे रक्त गोठू न देणारी औषधे साधारणतः किमान ३ महिने देतात. आपले औषध सुरू केले म्हणून ती बंद करावयास सांगू नये. या काळात रक्तमोक्षण टाळावे. औषधालयचालकांनीही लसूण, गुग्गुळ वा हळदीचे कल्प देण्यापूर्वी, ‘रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?’ एवढे अवश्य विचारावे. अशा संयोगाने रक्तस्राव वाढण्याचा संभव असतो.

तो तरुण बरा होऊन कामावर रुजू झाला. त्या दिवशी सदरा काढावयास सांगितला नसता तर काय झाले असते, हा विचार मात्र आम्हांस आजही अस्वस्थ करतो.