पेशीचे कोठार आणि मजुराचे ताट



कामगार चळवळीतल्या माणसाने रसायनशास्त्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही शाळा लवकर सोडली. पुढचे शिक्षण झाले ते मोफत वाचनालयात आणि प्रश्नांना न कंटाळणाऱ्या डॉक्टरांच्या संगतीत. पण मजुरी, महागाईभत्ता, रेशन यांवर वाद घालताना एक प्रश्न आमच्यापुढे नेहमी उभा राहिला : पोटात कमी गेले म्हणजे शरीरात नेमके काय कमी पडते? ‘अशक्तपणा येतो’ हे उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. आज आम्ही एकाच वस्तूचा हिशेब मांडणार आहोत. तिचे नाव न्यूक्लिओटाइड.

न्यूक्लिओटाइड म्हणजे तीन भागांची जोडणी : एक नत्रयुक्त क्षारक, एक साखर आणि फॉस्फेट. क्षारक दोन जातींचे. ॲडेनिन व ग्वानिन हे दुहेरी कड्यांचे. त्यांना प्युरीन म्हणतात. सायटोसिन, थायमिन व युरॅसिल हे एकेरी कड्याचे, ते पिरिमिडीन. आनुवंशिकता वाहणारा डीएनए ही यांचीच माळ. आपली एक पेशी दुभंगायची म्हणजे या माळेतल्या सुमारे ६०० कोटी जोड्यांची नक्कल व्हावी लागते. धडधाकट माणसाच्या हाडांतल्या मज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. हा कारखाना रात्रपाळीलाही थांबत नाही. मग त्याला माल कोठून मिळतो?

पहिली वाट नवा माल घडवण्याची. प्युरीन घडवताना पेशी आधी साखर-फॉस्फेटचा पाया घालते आणि त्यावर एकेक अणू चढवीत दहा पायऱ्यांनी कडे पुरे करते. पिरिमिडीनची रीत उलटी. तेथे कडे आधी घडते आणि मग साखरेवर बसते. हे अणू कोठून येतात याचा छडा अमेरिकेत जॉन बुकॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात लावला. पक्षी नकोसे नत्र युरिक आम्लाच्या रूपाने टाकतात, आणि युरिक आम्ल हेही प्युरीनच. म्हणून त्यांनी कबुतरांना खूण केलेले पदार्थ दिले आणि ती खूण विष्ठेतल्या युरिक आम्लात कोठे उमटते ते तपासले. ग्लायसिन, ग्लुटामिन व ॲस्पार्टिक आम्ल ही प्रथिनांतली द्रव्ये, कर्बवायू आणि फॉर्मिक आम्लासारखे एका कार्बनचे तुकडे, एवढ्यावर हे कडे उभे राहते.

दुसरी वाट जुना माल परत वापरण्याची. नवे घडवायला शक्ती फार खर्च होते, म्हणून पेशी काटकसरी आहे. सूतगिरणीत पिंजताना खाली पडलेला चांगला कापूस गोळा करून पुन्हा मिसळतात, तसाच हा व्यवहार. मोडलेल्या माळेतून सुटलेले क्षारक वेचून पेशी त्यांना पुन्हा साखर-फॉस्फेट जोडते. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीला तर नवे प्युरीन घडवताच येत नाही. तिचा सारा संसार या वेचणीवर चालतो. वेचणीचे काम किती मोलाचे, हे ती बिघडल्यावर कळले. लेश व नायहन यांनी १९६४ साली मुलांच्या एका दुर्मिळ रोगाचे वर्णन केले. त्यात युरिक आम्ल बेसुमार वाढते, हातपाय ताब्यात राहत नाहीत आणि मूल स्वतःचेच ओठ व बोटे चावते. प्युरीन वेचणारे एकच एन्झाइम त्या मुलांत नसते, असे १९६७ साली सिद्ध झाले.

तिसरी वाट मोडून बाहेर टाकण्याची. पिरिमिडीनचे कडे पार मोडते. प्युरीनचे मात्र युरिक आम्ल होऊन थांबते. कारण बहुतेक सस्तन प्राण्यांत ते पुढे मोडणारे जे एन्झाइम असते, ते माणसात उरलेले नाही. मोठा भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात, उरलेला आतड्यांवाटे जातो. साचले तर सांध्यात सुईसारखे स्फटिक होतात आणि संधिवाताचा तो ठणका सुरू होतो, ज्याला इंग्रजीत गाऊट म्हणतात.

आता मुद्द्यावर येऊ. एवढी काटकसर असूनही जेथे पेशी झपाट्याने वाढतात, तेथे नवा माल लागतोच. तो घडवताना एका कार्बनचा तुकडा ठरल्या जागी नेऊन देणारा एक हमाल असतो. त्याचे नाव फोलेट. प्युरीनच्या दहा पायऱ्यांपैकी दोन पायऱ्या त्याच्यावाचून अडतात. युरॅसिलच्या जातीच्या मालाला कार्बन जोडून थायमिनचा माल करणारी पायरीही त्याच्यावाचून होत नाही. हा हमाल शरीरात जन्मत नाही. तो अन्नातून यावा लागतो.

तो आला नाही तर? थायमिन डीएनएलाच लागते. ते नसले की माळेची नक्कल अडते, पण प्रथिने घडवण्याचे काम चालू राहते. पेशी वाढते, मात्र वेळेवर दुभंगत नाही. रक्तातल्या पेशी मोठ्या होतात आणि थोड्या भरतात. हाच मोठ्या पेशींचा पंडुरोग.

याचा पहिला धागा आपल्या मुंबईत सापडला. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई येथे आल्या आणि हाफकिन संस्थेतून गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा शोध घेऊ लागल्या. रोग दिसत होता तो गरीब स्त्रियांत, त्यांतही कापडगिरण्यांत राबणाऱ्यांत. बाईंनी जंतू शोधले, तसे या स्त्रियांच्या ताटात काय पडते तेही पाहिले. तसलाच आहार उंदरांना व माकडांना देऊन रोग उभा केला. मग मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने तो बरा केला. मार्माइट म्हणजे बिअरच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा अर्क. हे संशोधन १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्या अर्कातले द्रव्य तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळे झाले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल नाव पडले.

पुढचा धागाही भारतीय हातातला. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन पाहत होते. तेथे १९४५ च्या सुमारास फोलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार झाले आणि मग त्याचाच तोतया, अमिनोप्टेरिन. काम करून रिकाम्या झालेल्या फोलेटला पुन्हा कामाला लावणारे एक एन्झाइम असते. हा तोतया ते अडवून बसतो. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी १६ मुलांना तो दिला, आणि १० जणांना काही काळ उतार पडल्याचे १९४८ साली प्रसिद्ध केले. ज्याच्या अभावाने गिरणीतल्या बाईचे रक्त आटले, त्याचाच अभाव मुद्दाम घडवून कर्करोगाच्या पेशीची उपासमार करता आली. शास्त्र एकच, फरक कोणाला उपाशी ठेवायचे एवढाच.

आज फोलिक आम्लाची गोळी काही पैशांत होते. २०१८ पासूनच्या ॲनिमियामुक्त भारत योजनेत गरोदर स्त्रीला १८० दिवस लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्लाची रोज एक गोळी द्यायची असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत पंडुरोग आढळला. यात लोहाची उणीव मोठी आहे, आणि बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव फोलेटसारखीच दिसते. म्हणून रक्त तपासून, डॉक्टरांना विचारूनच औषध घ्यावे. पालेभाजी, हरभरा, मूग, चवळी, शेंगदाणे यांत फोलेट असते. भाजी फार वेळ उकळून पाणी फेकले, तर त्याबरोबर तेही जाते.

पण भगिनींनो, भाजी विकत घ्यायलाच पैसा नसेल तर कशी शिजवावी याचा उपदेश व्यर्थ आहे. आणि गोळी दवाखान्यात असली, तरी ती आणायला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत असेल तर ती तेथेच राहते. शरीर आपल्या बाजूने सारी काटकसर करते. पडलेला कण वेचते, जुने पुन्हा वापरते. त्याहून जास्त काटकसर त्याच्याकडून होत नाही. उरलेले बाहेरून यावे लागते, आणि ते येईल की नाही हे पगाराच्या दिवशी ठरते. म्हणून किमान वेतनाच्या मागणीत डाळ आणि पालेभाजी धरा, आणि गरोदर बाईला दवाखान्यात जायला भरपगारी रजा मागा. कोणी विचारले की हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे, तर सांगा, पेशीच्या.