पाहुण्याने केलेली प्रतवारी

कोकणच्या किनारपट्टीवर आगराच्या उत्पन्नास पाहुण्यांच्या मुक्कामाची जोड देणारी शेतकरी कुटुंबे आता गावोगावी आढळतात. श्रीवर्धन, दापोली, गुहागर, मालवण या तालुक्यांत राहत्या घराच्या दोन-तीन खोल्या नीट करून, न्हाणीघराची व शौचालयाची सोय करून ही कुटुंबे मुंबई-पुण्याच्या मंडळींना शनिवार-रविवारी, दिवाळीत, नाताळात व मे महिन्याच्या सुटीत उतरू देतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड व उत्तर रत्नागिरी या भागांतील नारळ-सुपारीच्या बागा मुळासकट उन्मळून पडल्या. नव्याने लावलेला माड किंवा पोफळ फळावर येण्यास पाच-सात वर्षांचा काळ लोटतो. अशा मधल्या काळात खोल्यांचे भाडे हा घरखर्चाचा मोठा आधार ठरू शकतो. म्हणून या खोल्या कशामुळे भरतात व कशामुळे रिकाम्या राहतात, याचा विचार शेतकऱ्याने खत-पाण्याइतक्याच काळजीने करावयास हवा.

पूर्वी पाहुणा ओळखीने येत असे. आज तो मोबाईलच्या पडद्यावर शंभर घरे पाहतो आणि त्यांतील एक निवडतो. निवडताना त्याची दृष्टी प्रथम घराच्या छायाचित्रावर व लगेच त्याखालील ताऱ्यांवर जाते. आधी राहून गेलेल्या पाहुण्यांनी दिलेल्या गुणांची ती सरासरी होय.

ही प्रतवारी कोणती?

मोठ्या हॉटेलांना तीन तारे, पाच तारे असा दर्जा असतो. तो केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती तपासणी करून देते. खोलीचे क्षेत्रफळ, सोयी, सुरक्षा यांचे ठरलेले निकष तेथे लावले जातात. पाहुण्यांचे तारे हे त्याहून अगदी निराळे आहेत.

शेतकऱ्यास प्रतवारी नवीन नाही. १९३७ च्या कायद्याने शेतमालाच्या प्रतवारीस ॲगमार्कची मोहोर आली. आंब्याचे वजन, आकार, रंग, डाग यांवरून त्याची प्रत ठरते आणि मोजमाप सर्वांस सारखेच असते. पाहुण्याच्या प्रतवारीस मात्र असे ठरीव माप नाही. एकाच खोलीस एक पाहुणा ५ तारे देईल, तर दुसरा ३ देईल. शिवाय मालाची प्रत विक्रीपूर्वी ठरते, तर घराची प्रत मुक्काम संपल्यावर ठरते आणि तिचा भाव पुढच्या पाहुण्याकडून मिळावयाचा असतो.

निरनिराळ्या संस्थांच्या रीतीही सारख्या नाहीत. एअरबीएनबी ही २००८ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था १ ते ५ तारे मागते. तेथे प्रत्यक्ष आरक्षण करणाऱ्यासच मत देता येते आणि त्यासाठी मुक्काम संपल्यापासून १४ दिवसांची मुदत असते. यजमानही पाहुण्याविषयी मत देतो, आणि दोघांची मते आल्यावर किंवा मुदत संपल्यावरच ती प्रसिद्ध होतात. त्यामुळे एकाचे मत वाचून दुसऱ्याने उट्टे काढण्याची सोय राहत नाही. स्वच्छता, वर्णनाची सत्यता, आगमनाची सोय, संपर्क, ठिकाण व पैशाचा मोबदला या सहा बाबींचे तारे वेगळे द्यावयाचे असतात. एकूण तारे पाहुणा स्वतंत्रपणे देतो, ती या सहांची सरासरी नव्हे. बुकिंग डॉट कॉमवर दहापैकी गुण दिले जातात. गूगलच्या नकाशावर मात्र मुक्कामाचा पुरावा न मागता कोणासही तारे देता येतात.

चार तारे म्हणजे काय?

येथे एक मोठा गैरसमज होतो. शाळेत शंभरात ऐंशी गुण मिळविणारा विद्यार्थी हुशार समजला जातो, म्हणून पाचांपैकी चार तारे म्हणजे उत्तम, असे पाहुण्यास वाटते. तो समाधानाने घरी जातो व चार तारे देतो. या बाजारात मात्र चारचा अर्थ निराळा होतो. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली जगभरातील एअरबीएनबीवरील लक्षावधी घरांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सुमारे ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच तारे अशी आढळली. ट्रिपॲडव्हायझर या संस्थेच्या यादीतील हॉटेलांची सरासरी मात्र ३.८ होती. जेथे जवळजवळ सर्वच घरे साडेचारच्या वर आहेत, तेथे चार तारे असलेले घर यादीत तळाशी गेलेले दिसते.

एअरबीएनबी ‘सुपरहोस्ट’ ही पदवी देताना इतर अटींबरोबर ४.८ ची सरासरी मागते. चौकशा करणाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांस २४ तासांत उत्तर मिळावे व यजमानाने आरक्षणे जवळजवळ रद्दच करू नयेत, अशाही अटी आहेत. याची तपासणी दर तीन महिन्यांनी होते. सतत कमी तारे मिळणारे घर यादीतून काढण्याचा अधिकारही संस्था राखून ठेवते.

लहान घरास फटका मोठा

आता थोडे गणित करू. समजा, एका शेतकऱ्याच्या घरी आजवर ९ कुटुंबांनी मते दिली आणि प्रत्येकाने ५ तारे दिले. दहाव्या मुक्कामाच्या रात्री वीज गेली, पंप चालला नाही, पाणी मिळाले नाही, आणि संतापलेल्या पाहुण्याने १ तारा दिला. बेरीज झाली ४६ व सरासरी ४.६. ती पुन्हा ४.८ वर नेण्यास पुढील सलग १० कुटुंबांनी प्रत्येकी ५ तारे द्यावयास हवेत. निम्मीच कुटुंबे मत देतात असे धरले, तर २० कुटुंबे निर्दोष सांभाळावी लागतील. दोन खोल्यांच्या घरी आठवड्यास दोन कुटुंबे येतात असे मानल्यास दहा आठवडे होतात. म्हणजे मे महिन्याच्या आरंभी झालेली एका रात्रीची चूक तो हंगाम उलटून गेल्यावरच भरून निघेल.

हाच एक तारा ९९ पंचतारांकित मते मिळालेल्या हॉटेलास मिळाला, तर त्याची सरासरी ४.९६ राहते. धक्का तोच, परंतु मोठ्या वृक्षास तो जाणवत नाही व रोप मात्र मोडते. शिवाय दहापैकी तिघांनी केवळ ‘चांगले होते’ या भावनेने ४ तारे दिले, तरी सरासरी ४.७ होते व पदवीची रेषा हुकते.

मोठ्या हॉटेलास नाव असते, जाहिरात असते. लहान घरास ताऱ्यांवाचून दुसरी ओळख नसते. अमेरिकेतील सिॲटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल लुका यांनी २०११ साली मांडला. येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला, तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असे त्यांस आढळले, आणि हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांच्या बाबतीतच दिसला. शाखा असलेल्या नामांकित उपाहारगृहांवर तो दिसला नाही. तो अभ्यास खानावळींचा असला, तरी त्यातील बोध आपल्या घरांसही लागू पडण्याजोगा आहे. तारे लहानास उचलून धरतात, आणि पाडतातही लहानासच.

पाहुणा नेमके काय मोजतो?

पाहुणा घराची श्रीमंती मोजत नाही. मनात धरलेले चित्र आणि प्रत्यक्ष मिळालेले घर यांतील अंतर तो मोजतो. शेणाने सारवलेले खळे, माडांची सावली व साधे जेवण अपेक्षून आलेला पाहुणा तेच मिळाल्यावर पाच तारे देतो. वातानुकूलित खोली मिळेल असे समजून आलेल्या पाहुण्यास तीच जागा अपुरी वाटते. म्हणून ताऱ्यांचे खरे काम पाहुणा येण्यापूर्वी, घराच्या वर्णनातच सुरू होते. त्या दृष्टीने पुढील सूचना उपयोगी पडतील.

१. समुद्र किती अंतरावर आहे ते पायी चालून मोजावे व तितकीच मिनिटे लिहावीत. वीस मिनिटांच्या वाटेस पाच मिनिटे म्हणू नये.

२. उणिवा स्वतः आधी सांगाव्यात. पहाटे कोंबडा आरवतो, पावसाळ्यात बेडूक ओरडतात, मोबाईलचा संपर्क केवळ अंगणात मिळतो, शेवटचा रस्ता कच्चा आहे, अशा गोष्टी लिहिल्याने आरक्षणे थोडी घटतील. परंतु जो येईल तो समजून-उमजून येईल.

३. छायाचित्रे आजच्या घराची असावीत. वादळापूर्वीच्या दाट बागेचे चित्र वादळानंतर ठेवू नये.

४. पाणी, वीज व स्वच्छता यांस पर्याय नाही. पाण्याची टाकी आदल्या रात्री भरून ठेवावी, वीज जाण्याच्या दिवसांसाठी बॅटरीवरील दिवे व पंखा ठेवावा, मच्छरदाणी फाटकी नसावी. चादरी व अभ्रे प्रत्येक मुक्कामानंतर धुवावेत.

५. जेवणाचे प्रकार, वेळा व दर आधी सांगावेत. मासे बाजारावर अवलंबून असतात, हेही सांगावे. बिल देताना निघालेला अनपेक्षित आकडा चार दिवसांचे आतिथ्य पुसून टाकतो.

६. मुक्कामाच्या पहिल्याच संध्याकाळी ‘काही कमी आहे का?’ असे विचारावे. तोंडी सांगितलेली तक्रार त्याच रात्री दूर करता येते. न विचारलेली तक्रार पुढे लेखी प्रसिद्ध होते.

प्रतिकूल मत आल्यास

प्रतिकूल मत वाचून राग येणे स्वाभाविक आहे. घरातील माणसांनी पहाटे चारला उठून केलेल्या कष्टांस कोणी ‘ठीक’ म्हटले, म्हणजे मनास लागते. तथापि उत्तर त्याच दिवशी लिहू नये. दुसऱ्या दिवशी दोन-तीन वाक्यांत लिहावे: काय घडले, त्यात खरे किती व आता कोणती सुधारणा केली. हे उत्तर त्या पाहुण्यापेक्षा पुढे येणाऱ्या पाहुण्यांसाठी असते. यजमान भांडखोर आहे की समंजस, हे ते त्यावरून ओळखतात.

काही पाहुणे ‘भाडे कमी करा, नाहीतर एक तारा देऊ’ अशी धमकी देतात. अशा वेळी वाद न घालता बोलणे संस्थेच्या संदेशपेटीतूनच करावे, म्हणजे लेखी पुरावा राहतो. असा दबाव एअरबीएनबीच्या नियमांविरुद्ध आहे व त्याविषयी तक्रार करता येते.

त्याचप्रमाणे आप्तेष्टांकडून खोटे तारे घेणे, विकत तारे घेणे किंवा शेजारच्या घरास खोटे मत देवविणे, हे मार्ग यजमानानेही वर्ज्य मानावेत. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाईन ग्राहक-मतांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक प्रसिद्ध केले असून खोट्या मतांस आळा घालणे हाच त्याचा हेतू आहे. पेटीच्या वरच्या थरात मोठे आंबे व खाली बारीक आंबे भरणारा बागायतदार एकदाच विकतो. खोट्या ताऱ्यांचेही तसेच आहे. ते पाहुण्यास दारापर्यंत आणतात, आणि दारात आलेला पाहुणा खरी प्रत पाहतोच.

तारे हेच सर्वस्व नव्हे

ताऱ्यांच्या मागे धावताना घराचे हित विसरता कामा नये. पैशाच्या मोबदल्याचा तारा मिळावा म्हणून भाडे इतके उतरविले जाते की, घरातील स्त्रीच्या श्रमांची मजुरीच हिशेबात उरत नाही. घावन, मोदक, सोलकढी ही तिची कौशल्ये आहेत, फुकटची सोय नव्हे. स्वयंपाक, धुणे व सफाई यांचे तास मोजून त्यांची मजुरी खर्चात धरावी व मगच भाडे ठरवावे.

दुसरे असे की, तारे संस्थेच्या दप्तरी राहतात. खाते बंद झाले, तर वर्षांची पुण्याई तेथेच राहते. म्हणून प्रत्येक घरी पाहुण्यांची एक नोंदवही असावी. तीत मुक्कामाची तारीख, सांगितलेली अडचण व केलेली दुरुस्ती लिहावी. पाहुण्याच्या संमतीने त्याचा दूरध्वनी क्रमांकही ठेवावा. पुढील वर्षी थेट निरोप पाठवून बोलाविता येईल असा पाहुणा हा ताऱ्याहून अधिक भरवशाचा असतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले असून अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन विभागाकडे करता येते. आपल्या गावात मुक्कामाची सोय करणारी किती घरे आहेत व त्यांपैकी नोंदणीकृत किती, याची यादी कार्यकर्त्यांनी करावी. हंगामापूर्वी या कुटुंबांची एक बैठक बोलवावी. तीत प्रत्येकाने आपल्या घराचे लिहिलेले वर्णन मोठ्याने वाचावे, आणि शेजाऱ्यांनी त्यातील अतिशयोक्ती दाखवून द्यावी. एका घरी पाणी संपले, तर दुसऱ्याने पाहुण्याची सोय करावी, असा समझोता गावाने केल्यास एका रात्रीच्या चुकीने कोणाचाही हंगाम जाणार नाही.

वादळाने पाडलेली बाग पुन्हा उभी राहण्यास वर्षे लागतात. पाहुण्यांचा विश्वास तेवढा वेळ घेत नाही, परंतु त्यासही रोपासारखीच राखण लागते. जे आहे तेवढेच सांगावे आणि जे सांगितले तेवढे न चुकता द्यावे, एवढा नियम पाळणाऱ्या घरास प्रतवारीचे भय बाळगण्याचे कारण नाही.