मागावरची कंबर आणि कटीबस्तीचं तेल

बेळगावचं शहापूर पूर्वी सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होतं आणि विणकरांचं गाव म्हणून नावाजलेलं होतं. खड्ड्याच्या मागावर बसणाऱ्याचे पाय खाली पावड्यांवर, कंबर पुढे झुकलेली, हात धोट्याच्या दोरीला. यंत्रमाग आले तरी तुटलेला धागा सांधायला वाकावं लागतंच. उमेद सरली तरी दुखणं सरत नाही. याच शहापुरात १९३३ पासून चालत आलेलं, आज केएलई संस्थेचं श्री बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय आहे.

चरकसंहितेत वाताचे ८० विकार सांगितले आहेत. त्यातली गृध्रसी नितंबातून निघून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी असा प्रवास करत पावलात उतरते. सायटिका सोसलेल्या कुणालाही ही वाट ओळखीची वाटेल.

अशा कंबरेला वैद्य बहुधा कटीबस्ती सुचवतात. उडदाचं पीठ घट्ट मळून कंबरेवर त्याची गोल पाळ बांधतात, सांधे बोटाने लिंपतात. आत सोसवेल इतकं कोमट तेल ओततात. ते निवलं की कापसाच्या बोळ्याने टिपून घेऊन पुन्हा गरम ओततात. अर्धा-पाऊण तास हे चालतं. आखडलेले स्नायू सैल होतात, रुग्णाला निवांत पडून राहता येतं आणि वैद्याला त्याच्याशी बोलायला वेळ मिळतो. त्या बोलण्याचं मोल मला तेलाइतकंच वाटतं. बसता कसे, झोपता कधी, पोट साफ होतं का, हे विचारल्याशिवाय जुनं दुखणं उलगडत नाही.

मात्र प्रत्येक सांध्याला तेल चोळणं हा आयुर्वेद नव्हे. माधवनिदानात आमवाताचं स्वतंत्र वर्णन आहे. त्यात सांधे सुजतात, अंग जड होतं, भूक मरते. आमवातात आधी लंघन (उपवास), दीपन (भूक चेतवणं) आणि वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला आहे. घराघरांत मात्र सुजलेल्या सांध्यावरही तेलच चोळलं जातं.

आयुर्वेदाच्या अशा उपचारांना पुरावा आहे का? पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे केलेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. सुंठ, गुळवेल, शल्लकी, गुग्गुळ यांवर आधारलेल्या औषधांचा गुण सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या तोडीचा दिसला. काही रुग्णांत यकृताच्या तपासणीचे आकडे वाढलेही. ‘झाडपाल्याला अपाय नसतो’ हे म्हणणं म्हणूनच सोडून द्यायला हवं. जर्मनीत १५१ रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही मसाज, आहार, योग यांसह दिलेल्या आयुर्वेदिक उपचारांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा गुडघ्यांना जास्त आराम दिला. पण आपल्याला कोणते उपचार मिळताहेत हे रुग्णाला दिसतंच, त्यामुळे त्यात अपेक्षेचाही वाटा असणार.

महायोगराज गुग्गुळ या औषधात शिसं आणि पारा यांचे कल्प असतात. ते दुकानातून आपल्या मनाने आणून महिनोन्महिने घेऊ नये. लेबल नसलेल्या पुड्या तर नकोतच, त्यांत छुपं स्टेरॉइड असू शकतं.

मागावरच्या माणसाला माझं कळकळीचं सांगणं आहे. तेल लावाच, पण बैठकीची उंची बदला आणि मधूनमधून उठून ताठ उभे राहा. चालू गोळ्या वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही दाखवा. पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, दुखण्यासोबत ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर कटीबस्तीसाठी थांबू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.