शाळेचा डबा आणि शेंगदाणा : बंदीने नेमके काय साधते?

अमेरिकेत शाळा उघडण्याच्या सुमारास पालकांच्या हाती येणाऱ्या कागदपत्रांत अलीकडे बऱ्याचदा एक सूचना असते : शेंगदाणे, काजू, बदाम, अक्रोड असलेले पदार्थ डब्यात देऊ नयेत. ज्या घरात कुटाशिवाय कोशिंबीर होत नाही आणि चिक्की किंवा दाण्याचा लाडू हाच मुलांचा हक्काचा खाऊ असतो, त्या मराठी घराला ही सूचना पाळणे वाटते तितके सोपे नाही. याउलट, ज्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे, त्याच्या आईवडिलांना हीच सूचना मुलाच्या जिवाची हमी वाटते. ही हमी कितपत भक्कम आहे आणि तिची किंमत इतर मुलांनी किती मोजावी, हा खरा प्रश्न आहे.

पथ्य नव्हे, जिवाचा धोका

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, अंदाजानुसार तेथील सुमारे ८ टक्के मुलांना कोणत्या ना कोणत्या अन्नाची ॲलर्जी आहे; सरासरीने प्रत्येक वर्गात दोन मुले. अशा मुलाचे शरीर शेंगदाण्यातील प्रथिनांना शत्रू समजून प्रतिकार करते. अंगावर गांधी उठणे, उलटी, घसा आवळणे, श्वास लागणे, रक्तदाब घसरणे ही लक्षणे काही मिनिटांत एकामागून एक दिसू शकतात. या अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. तिच्यावरचा पहिला उपाय म्हणजे मांडीत दिले जाणारे एपिनेफ्रिनचे इंजेक्शन. ॲलर्जीच्या साध्या गोळ्या खाज कमी करतात. बंद होत चाललेली श्वासनलिका त्या मोकळी करू शकत नाहीत.

म्हणूनच कायद्याने या मुलांना संरक्षण दिले आहे. १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टच्या कलम ५०४ खाली ॲलर्जी असलेल्या मुलासाठी शाळेकडून लेखी योजना करून घेता येते. २०१३ मध्ये सीडीसीने शाळांसाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी शाळांत एपिनेफ्रिनचा साठा ठेवण्यास उत्तेजन देणारा केंद्रीय कायदा झाला. मात्र संपूर्ण शाळेत एखाद्या पदार्थावर बंदी घाला, असे केंद्रीय कायदा सांगत नाही. तो निर्णय शाळा किंवा स्थानिक शिक्षण मंडळ घेते.

बंदीचा अनुभव काय सांगतो?

मॅसॅच्युसेट्समधील सरकारी शाळांतील पाच शैक्षणिक वर्षांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेंगदाण्यावर बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांत एपिनेफ्रिन देण्याची वेळ येण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. स्वतःला 'शेंगदाणामुक्त' म्हणवणाऱ्या शाळांतही ॲलर्जीचे प्रसंग घडले होते. भोजनगृहात शेंगदाणामुक्त टेबल ठेवणाऱ्या शाळांत मात्र हे प्रमाण कमी होते. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने शाळांसाठी केलेल्या शिफारशींतही सरसकट बंदीऐवजी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, प्रत्येक मुलासाठी आणीबाणीची योजना आणि शाळेत एपिनेफ्रिनचा साठा यांवर भर आहे.

याचे कारण समजण्यासारखे आहे. शेकडो घरांतून येणारे डबे कोणीही तपासू शकत नाही. बंदी जाहीर झाली की शिक्षक आणि मुले दोघेही निर्धास्त होतात, आणि सावधपणा सुटतो. शिवाय अमेरिकी कायद्याने प्रमुख ठरवलेले ॲलर्जीकारक पदार्थ नऊ आहेत. त्यांत दूध, अंडी, गहू आणि सोयाबीनही येतात. प्रत्येकावर बंदी घातली तर डब्यात काय उरेल?

भीती आणि वस्तुस्थिती यांतही अंतर आहे. तीव्र ॲलर्जी असलेल्या ३० मुलांवर झालेल्या एका चाचणीत पीनट बटरच्या नुसत्या वासाने कोणालाही गंभीर त्रास झाला नाही. धोका मुख्यतः पदार्थ पोटात जाण्याचा असतो. म्हणून खाण्याआधी व नंतर साबणाने हात धुणे महत्त्वाचे. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश पुरता निघत नाही.

इतर मुलांच्या पोषणाचे काय?

चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १९ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन मोठे चमचे पीनट बटरमधून त्यांतील सात ग्रॅम मिळतात. पण एक कप दूध, अर्धा कप शिजवलेले हरभरे किंवा एक अंडे यांतूनही साधारण तेवढीच मिळतात. त्यामुळे बहुतेक मुलांचे पोषण एका जेवणातील शेंगदाण्यावाचून अडत नाही.

काही मुलांचे मात्र अडते. दूध न पचणारे शाकाहारी मूल, स्वमग्नतेमुळे मोजकेच पदार्थ स्वीकारणारे मूल, किंवा ज्या घराला पीनट बटर हेच परवडणारे प्रथिन आहे तेथील मूल यांच्या दृष्टीने बंदी ही किरकोळ गैरसोय नसते. अशा पालकांनी गप्प न बसता शाळेच्या परिचारिकेशी बोलावे. वेगळी जागा, जेवणानंतर हात धुणे आणि टेबल पुसणे एवढ्याने पुष्कळदा मार्ग निघतो. ॲलर्जी असलेले मूल मात्र एकटे पडता कामा नये. सुरक्षित डबा आणणाऱ्या मित्रांना त्याच्या टेबलावर बसू द्यावे.

न दिसणारे कूट

मराठी घरांची जबाबदारी यात थोडी वेगळी आहे. सँडविचमधले पीनट बटर ओळखू येते. भाजीत किंवा साबुदाण्याच्या खिचडीत मिसळलेले कूट परक्या डोळ्यांना दिसत नाही. घाण्याच्या शेंगदाणा तेलातही प्रथिने राहू शकतात, तर अतिशुद्ध तेलात ती जवळपास नसतात. कुटाचा चमचा दुसऱ्या भाजीत गेला, तरी ती भाजी सुरक्षित राहत नाही.

पर्याय आहेत : मुगाचे धिरडे, थालीपीठ आणि दही, कोथिंबीर वडी, फुटाणे, डाळ्याची चटणी. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना इतर डाळी चालतात, तरी त्या मुलाच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा. तीळ मात्र सरसकट सुरक्षित पर्याय मानू नये. १ जानेवारी २०२३ पासून तो अमेरिकेत नववा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून वेष्टनावर नोंदवावा लागतो. उलट, जानेवारी २०२५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने नारळाला सुक्या मेव्याच्या यादीतून वगळले. तरी काही थोड्यांना त्याचीही ॲलर्जी असते.

दिवाळीचा फराळ किंवा संक्रांतीचा तिळगूळ वर्गात वाटण्याची हौस समजण्याजोगी आहे. पण घरी केलेल्या लाडवावर घटकांची यादी नसते. अशा वेळी वेष्टनबंद पदार्थ, पेन्सिली किंवा पतंग द्यावेत, आणि घरचे काही द्यायचेच असेल तर शिक्षकांना आधी विचारून प्रत्येक घटक लिहून द्यावा. डब्यात काय आहे, हे खरेखुरे सांगणे सर्व पालकांच्या हातात आहे. शाळेत इंजेक्शन कोठे ठेवले आहे आणि ते देणारी प्रशिक्षित व्यक्ती जेवणाच्या वेळी हजर असते का, हे दोन प्रश्न पहिल्याच पालकसभेत विचारायला हवेत. आपल्या मुलाला ॲलर्जी नसली, तरीही.