डेकला स्टेन लावण्याआधी

गोंदियाजवळच्या बिरसीच्या पट्ट्यात सागाचं लाकूड घरोघरी आहे. दाराच्या चौकटी, छपरीचे खांब, आडे. पण या सगळ्यावर कौलांची सावली असते. उघड्या अंगणात फळ्यांचा डेक बांधला, की मे महिन्याचं ऊन आणि त्यामागोमाग हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, दोन्ही थेट फळीवर येतात. दोन-तीन वर्षांत साग करडा पडतो आणि घरात स्टेनचा विषय निघतो. डबा मात्र शेवटच्या दिवशी उघडायचा. खरं काम त्याआधीचं आहे.

करडेपणा म्हणजे नुसता मळ नव्हे. लाकडातले तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर सुट्या तंतूंचा थर राहतो. स्टेन लाकडात मुरला तरच टिकतो. या सुट्या थरावर लावलेला स्टेन त्या तंतूंबरोबरच निघून जातो. त्यामुळे हा थर काढून खालचं घट्ट लाकूड उघडं करणं, ते पूर्ण वाळवणं आणि त्याची छिद्रं मोकळी ठेवणं, एवढ्यासाठी सगळी तयारी असते.

हंगाम निवडण्यात घाई नको. धान कापून झालं, हवा कोरडी झाली, की सुरुवात करावी. भर उन्हाळ्यात तापलेल्या फळीवर स्टेन आत जाण्याआधीच वर सुकतो आणि पट्टे दिसतात.

आधी डेक तपासावा. प्रत्येक फळीत पेचकस टोचून पाहावा. टोक सहज आत गेलं तर ती फळी कुजलेली आहे, ती बदलावीच लागते. जमिनीजवळच्या खांबांवर उधईच्या मातीच्या नळ्या दिसतात का, ते वाकून बघावं. वर आलेले खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवावेत. साध्या लोखंडाचा सागातल्या टॅनिनशी संयोग होतो आणि खिळ्याभोवती काळे डाग पडतात. फळ्यांमधल्या फटींतला पालापाचोळा उकरून काढावा, कारण पाणी तिथेच अडतं.

मग धुणं. धुण्याचा सोडा घातलेलं पाणी आणि ताठ ब्रश पुरे. ब्रश लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच चालवायचा. गाड्या धुण्याचा जोरदार पंप मोह पाडतो, पण त्या धारेने मऊ रेषा खरवडल्या जाऊन फळीला चर पडतात. काळे डाग राहिलेच, तर लिटरभर पाण्यात साधारण ३० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून लावावं आणि थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुवावं. हे विषारी आहे: हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलं आणि गुरं लांब हवीत, आणि त्याचा अंश लाकडावर वाळू देऊ नये, नाहीतर घासताना तीच धूळ श्वासात जाते.

धुतलेला डेक चांगल्या उन्हात निदान दोन-तीन दिवस वाळवावा. वरून कोरडी दिसणारी फळी आत ओली असू शकते. वाळल्यावर ६० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८० चा, दोन्ही रेषेच्या दिशेने. इथे बरेचजण फर्निचरसारखा गुळगुळीतपणा आणायला जातात. ते टाळावं, फार बारीक पेपरने छिद्रं बुजतात आणि स्टेन वरच राहतो. धूळ कोरड्या ब्रशने झाडावी. नव्या सागात स्वतःचं तेल असतं, म्हणून त्यावर लावण्याआधी थिनरचा फडका फिरवावा.

आता फळीवर पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. काही मिनिटांत मुरले तर लाकूड तयार आहे. थेंब मण्यांसारखे उभे राहिले, तर जुनं तेल किंवा पॉलिश अजून शिल्लक आहे, पुन्हा घासावं.

गोंदियाच्या भागात पळसावरची लाख पूर्वापार निघते आणि चपडा लाखेचं पॉलिश घरातल्या कपाटावर फार देखणं दिसतं. उघड्या डेकवर मात्र ते लावू नये. पाणी साचलं की पांढरं पडतं. जवसाचं तेल लाकडात मुरतं खरं, पण कच्चं तेल सुकायला फार वेळ घेतं आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. बाहेरच्या लाकडासाठी रंगद्रव्य असलेला तेलाचा स्टेन घ्यावा. ते रंगद्रव्यच ऊन अडवतं. दव पूर्ण सुकल्यावर, फळी सावलीत असताना पातळ हात द्यावा आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना जास्त पाजावं, कारण पाणी तिथूनच सर्वांत जास्त शिरतं. न मुरलेला स्टेन थोड्या वेळाने फडक्याने पुसून घ्यावा.

ते फडके चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसासारखं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेलं कापड आपोआप पेटू शकतं. ते पाण्यात बुडवावेत, किंवा एकेक मोकळं पसरून बाहेर वाळवावेत.